तिकटीवरची चावी

निपाणीच्या सिद्रामआप्पाची दोन व्यसनं होती, कुलूप आणि संशय. तंबाखूच्या वखारीत त्यानं जन्मभर मुकादमकी केली. सुट्टी झाली की दाराशी उभं राहून बायकांचे भाकरीचे डबे उघडून बघायचे, हे त्याचं काम. डब्यात तंबाखू कधी सापडली नाही, पण नजर जी चिकटली ती चिकटलीच. घरात लोणच्याच्या फडताळाला कुलूप, मागच्या परड्यातल्या घमेल्याला साखळी. घमेलं फुटकं होतं, हा भाग वेगळा.

अशा माणसानं जुनी का होईना, ॲम्बॅसिडर घेतली म्हटल्यावर गल्लीला करमणूकच झाली. चाकं कोण नेईल या काळजीनं आप्पा खिडकीला तोंड लावून झोपायचा. शेवटी दुबईच्या मेव्हण्यानं चौऱ्याऐंशी साली चार लॉकनट आणून दिले, दर चाकाला एक. बाकीचे नट साध्या पान्यानं निघायचे. हा मात्र गुळगुळीत गोल, तोंडावर नागमोडी खाच. त्या खाचेत बसणारी अंगठ्याएवढी लोखंडी चावी लावल्याशिवाय चाक निघायचं नाही.

आता ही चावी ठेवायची कुठं? आप्पानं डोकं चालवलं. गाडीच्या बंपरला दृष्ट लागू नये म्हणून काळी बाहुली टांगलेली होती, लिंबू-मिरचीसकट. तिला कुठला चोर हात लावणार? त्यानं बाहुलीचं पोट उसवून चावी आत शिवून टाकली. बायकोला, बायडाबाईला, पत्ता लागू दिला नाही. मुद्दाम तिलाच लागू दिला नाही.

बायडाबाईनं आवसेला रिवाजाप्रमाणं जुनी बाहुली काढली, गाडीवरनं उतरवली, नेऊन तीन वाटांच्या तिकटीवर टाकली आणि नवी बांधली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीची, शालूची, बेळगावला हायस्कूलच्या नोकरीसाठी मुलाखत. ती पहिल्या बसनं निघालेली. आप्पानं अडवलं. "दारात गाडी असताना मास्तरीणबाई बसनं जानार? लोक काय म्हनतील?"

लोकांनी काही म्हणायच्या आतच पुढचं चाक बसलेलं दिसलं. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला भरमू जॅक घेऊन आला. साधे नट निघाले, लॉकनट राहिला.

"आप्पा, चावी?"

आप्पा ऐटीत वाकला, बाहुलीचं पोट चाचपलं. नुसत्या चिंध्या.

"बायडे! जुनी बाहुली कुठं हाय?"

"तिकटीवर. काल आवस न्हवती व्हय?"

तिकटी दारातनंच दिसत होती. बाहुली तिथं उताणी पडलेली, पोट फुगलेलं.

"भरमू, जा रं, घेऊन ये."

"मी? माझी म्हस गाभण हाय, आप्पा."

"बायडे, टाकलीस तूच—"

"अवं, टाकल्यालं परत उचलत्यात व्हय? तुमीच जावा की."

आप्पाचा गुडघा नेमका त्याच वेळी धरला.

मग चावी समोर पडलेली असताना अख्खी गल्ली बिनचावीचा नट काढायला लागली. कुणी रॉकेल ओतलं, कुणी दोरी गुंडाळून ओढली. शेवटी आप्पानंच छन्नी लावून असे घाव घातले, की नटाची नागमोडी खाच चेचून सपाट झाली.

शालूनं साडीचा पदर खोचला, तरातरा तिकटीवर गेली, बाहुली उचलली, टराटरा फाडली आणि चावी आणून बापासमोर धरली. बायका "अगं बया!" म्हणून मागं सरल्या. त्यांच्याही मागं आप्पा. भरमूनं हात न लावता चावी पकडीत धरून नटावर टेकवली. बसेना.

"चावी बरोबर हाय, आप्पा. नटाला तोंडच ऱ्हायलं न्हाय."

"बसा बडवत. मी चालले," म्हणून शालू बसस्टँडकडं निघून गेली.

मग भरमूनं नटापेक्षा जरा बारका असा जुना बॉक्सपाना घेतला, नटावर ठोकून ठोकून घट्ट बसवला, दांड्यात पाईप घातला आणि वर उभा राहून दोन उड्या मारल्या. कडाक! दुबईचा बंदोबस्त हातात आला.

"एवढंच व्हय?" आप्पाचा चेहरा पडला.

"चोराला तरी आनि काय लागतंय?"

"आनि हे तुला कसं म्हाईत रं?" आप्पाची नजर लगेच वखारीच्या दारात जाऊन उभी राहिली.

चाक बदलून आप्पानं संकेश्वरच्या पुढं बस गाठली. भोंगा वाजवत, मुंडकं बाहेर काढून ओरडला, "शालू! उतर खाली! गाडी आलीया!" शालूनं खिडकीतनं हात केला, मागनं या. आप्पा बेळगावपर्यंत धूळ खात मागनं गेला. नोकरी लागली. "मी सोडाय गेलतो म्हनून," असं तो आजही सांगतो.

उरलेल्या तीन चाकांचे नट शाबूत आहेत. पण तिकटीवर पडून आलेली चावी घरात कशी घ्यायची, गाडीत तरी कशी ठेवायची? ती भरमूच्या दुकानात, रस्त्यावरनं दिसेल अशी, खिळ्याला टांगलेली असते.

"कुनी न्हेली म्हंजे?" लोक मुद्दाम विचारतात.

"हात लावायची छाती हाय का कुनाची?" आप्पा दरडावतो.

सुट्टीला शालू बसनं येते. जाता जाता ती चावी काढते, पदरानं पुसते आणि परत खिळ्याला लावते. तेवढ्यापुरता आप्पा दुसरीकडं बघतो.