कलिंगडाचा कौल

आमच्या भजनी मंडळात टाळांपेक्षा गप्पांचा आवाज मोठा. त्यात यंदा मी परसात कलिंगडं लावली. पहिलं फळ घागरीएवढं व्हायच्या आत त्याचे किस्सेच टोपलीभर झाले.

मुळात नवस माझा. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट होऊ दे, परसातलं पहिलं कलिंगड देवीपुढे फोडीन, तोवर घरात कोणी कलिंगड खाणार नाही. ऑपरेशन झकास झालं. मग लक्षात आलं, फळ अख्खं न्यायचं, म्हणजे आधी कापून बघायची सोय नाही. देवळात साऱ्या वाडीसमोर पांढरं निघालं तर?

*

पहिल्या तज्ज्ञ आमच्या जाऊबाई. ‘टणटण वाजलं तर कच्चं, ढबढब वाजलं तर पिकलं,’ म्हणाल्या आणि टिचक्या मारत वेलात बसल्या. बऱ्याच वेळाने निकाल दिला, ‘ढबढब.’

मी हात जोडणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, ‘थांब गो, कानातलं मशीन घालायचं राहिलंच.’

घातलं. पुन्हा टिचकी मारली.

‘टणटण.’

*

शेजारच्या जुबेदाभाबींचा भरवसा सुतावर. देठाजवळचं वेलीचं वळलेलं सूत वाळून तपकिरी झालं की फळ तयार. त्यांचे रोजे चालू होते, तरी रोज दुपारी कुंपणावरून चौकशी. मी म्हटलं, ‘भाबी, तोंडात पाण्याचा थेंब नाही आणि कलिंगड बघवतं कसं तुम्हाला?’

‘तुमाला बघवतं तसंच. माझा रोजा सांजेच्या मगरीबला सुटतो, वयनी. तुमचा त्या सुताच्या मर्जीवर.’

*

हे म्हणजे नवे डोळे मिळालेला माणूस. जमिनीला टेकलेलं फळाचं पोट पांढऱ्याचं पिवळं झालं की काढायचं, असं मोबाईलवर वाचलं. मग सकाळ-संध्याकाळ फळ उलटं करून बघणं. आठवड्याने पोट कुठलं नि पाठ कुठली, हेच कळेना.

‘आता काय करायचं?’ मी विचारलं.

‘माझी नजर एवढी चांगली झाली,’ हे म्हणाले, ‘की मला सगळीकडून सारखंच दिसतंय.’

*

मंडळात पेटी वाजवतात त्या सुमनताईंनी एकच थाप मारली आणि डोळे मिटले. ‘काळी दोन.’

‘म्हणजे पिकलं?’

‘ते नाही माहीत. पण आरती ह्या पट्टीत छान होईल.’

*

शेवटी म्हटलं, जिचं फळ तिलाच विचारावं. देवळात गेले. गुरवांनी देवीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी पदर पसरला. ‘आई, उद्या कलिंगड काढून आणू काय?’

शब्द संपतोय तोच उजवी पडली.

दुसऱ्या दिवशी सारी वाडी जमली. सुरी गुरवांच्या हातात. दोन भकलं झाली. नारळासारखं पांढरं, मध्ये कुठे गुलाबी म्हणायचं तर म्हणावं. माझे डोळे भरून आले.

‘गुरवानू, कौल तर उजवा होता.’

त्यांनी एक फोड कापली, देवीला दाखवली, तोंडात टाकली, शांतपणे चावून गिळली.

‘कौल बरोबरच हाय, वयनी. तुमी आणू काय ता विचारलंत. पिकलं काय, असं कुठं विचारलंत?’