न खणता ऐकणारे काका

आमच्या शेजारच्या काकांनी जन्मभर जमिनीच्या पोटाला कान लावला. पाणीखात्यात गळती शोधायचं काम. लोखंडी दांडीचं एक टोक रस्त्यावर, दुसरं कानाशी, श्वास रोखून ऐकायचे आणि म्हणायचे, "इथे खणा." हाच नळ ना, हे कळावं म्हणून जोडीदार पुढच्या झडपेवर हातोडीने तीनदा ठोकायचा. ऐकू आलं की काका दोनदा ठोकून पोच द्यायचे. आम्ही कार्टी मुद्दाम मध्येच ठोकायचो आणि शिव्या खायचो. काय शिव्या होत्या हो, अस्सल!

बारा वर्षांपूर्वी काकांना त्यांच्या ताईने स्वतःची एक किडनी दिली. गेल्या महिन्यात त्या किडनीच्या तपासण्या बिघडल्या. तिला रक्त पुरत नसेल तर पुन्हा डायलिसिस, या विचाराने ताईंची झोप उडाली. नसेत औषध टोचून फोटो काढणं त्या किडनीला झेपणारं नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी वेगळा एमआरआय सांगितला. वाहत्या रक्तावरच चुंबकाने क्षणभर खूण करायची आणि किडनीत किती पोचलं ते मोजायचं. सुईसुद्धा नाही.

"म्हणजे न खणता!" काका खूश. "हे तर माझंच काम."

"काम मशीनचं," ताई म्हणाल्या. "तू गप पडून राहा."

गाडी माझी, म्हणून मीही गेलो. (नसती तरी गेलोच असतो.) तंत्रज्ञ बाई माइकवर म्हणाल्या, "श्वास रोखा." काकांनी असा रोखला की बाई बघतच राहिल्या. मग मशीन वाजलं, ठक ठक ठक. आणि काकांनी मशीनच्या कडेवर दोनदा ठोकलं!

"अहो काका, हलू नका! चित्र बिघडलं."

"सवय हो. हात आपोआप जातो."

तीन वेळा हेच. शेवटी सत्तरी ओलांडलेल्या ताई माइकपाशी गेल्या. आवाज असा की काचेबाहेर मीच ताठ झालो.

"पोच मी देते. तू नुसता ऐक."

मशीनने ठोकलं की ताई माइकजवळच्या टेबलावर दोनदा ठोकायच्या. आत काका दगडासारखे.

डॉक्टर म्हणाले, "रक्त छान पोचतंय. औषधाची मात्रा बदलून बघू." ताईंनी पदराने नुसताच चष्मा पुसला.

परतताना दोघं मागच्या सीटवर. ताईंनी दारावर हळूच तीनदा ठोकलं. काकांनी पोटावर हात ठेवून दोनदा. मला कुठलं राहवतंय? मीही स्टिअरिंगवर ठोकलं.

चाळीस वर्षांनी पुन्हा त्याच शिव्या खाल्ल्या, दोघांच्या एकदम.