बायकांची काळी चार, पुरुषांची काळी एक

मास्तरांचं शिलाईचं दुकान वाचनालयाच्या खाली होतं आणि गाण्याचा वर्ग वाचनालयाच्या वर. म्हणजे खालून मशीनची खडखड, वरून सा रे ग म, आणि मधल्या मजल्यावर ‘शांतता राखा’ अशी पाटी. वाचक बिचारे दोन्हीकडून सापडलेले. त्यांतले निम्मे पुढे वाचन सोडून गाण्याला गेले आणि उरलेले सदरे शिवायला खाली यायला लागले.

मास्तरांचा आवाज मुळातच जाड. माप घेताना ते ‘हात वर करा’ म्हणाले की नवं गिऱ्हाईक दोन्ही हात वर करून भिंतीकडे तोंड फिरवायचं. पण या आवाजाला गाणं यावं अशी मास्तरांची फार इच्छा. वरचा वर्ग सुरू झाला की त्यांचा पाय मशीनवर आपोआप तालात पडायचा, आणि त्या नादात एकदा एका वकिलाच्या विजारीचे दोन्ही पाय एकमेकांना शिवले गेले. वकीलसाहेब त्या विजारीत बराच वेळ जागा शोधत होते म्हणे.

शेवटी एक दिवस मास्तर गळ्यातला टेप तसाच ठेवून जिना चढले आणि गायनबाईंना म्हणाले, मला तुमच्या वृंदात घ्या. बाई पेटीवर बसल्या होत्या. त्यांनी सा धरला. मास्तरांनी तो बरोबर उचलला. बाई एकेक पायरी वर नेऊ लागल्या. पंचमापर्यंत सगळं सुखरूप होतं. पुढे धैवतावर मास्तरांचा आवाज जुनी चादर टरकावी तसा टरकला.

बाईंनी समजावून सांगितलं. सा पासून नी पर्यंत सात स्वर, त्याचं एक सप्तक. खालचं मंद्र, मधलं मध्य, वरचं तार. चांगल्या गाणाऱ्याच्या गळ्यात यांतली दोन सप्तकं तरी बसतात, कुणाच्या थोडी जास्त. आवाज जिथून जिथपर्यंत जातो तो त्याचा पल्ला, आणि मास्तरांचा पल्ला वर लवकर संपत होता.

मास्तरांना वेगळीच शंका. सात स्वर झाल्यावर आठवा पुन्हा सा कसा? नावं संपली होती का? बाईंनी खालचा आणि वरचा सा एकदम दाबून दाखवले. दोन होते, पण एकच वाटत होते. मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बापाचा सदरा आणि पोराचा सदरा, दुप्पट माप, पण कटिंग तेच. बाईंना हे फार आवडलं, पण शिकवणाऱ्या माणसाने लगेच आवडून घ्यायचं नसतं.

“वाढवता येणार नाही का थोडा?” मास्तरांनी विचारलं. “आत माया असेलच की.”

आता कपडा पुढे सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिलाईत माया म्हणतात. बाईंना काय माहीत? त्या जरा संकोचल्या आणि म्हणाल्या, “माया सगळ्यांबद्दल आहे हो मास्तर. पण वृंदात जागा नाही.”

मग मास्तरांचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी एवढी सवलत दिली की वृंदाच्या येत्या कार्यक्रमाच्या आत वरचा सा लागला तर घेईन. खाली किती जाता हे त्यांनी विचारलंच नाही. गाण्यातल्या माणसांचं सगळं लक्ष वर.

तेव्हापासून मास्तरांनी दुकानात सा लावायला घेतला. आधी उभं राहून, मग स्टुलावर चढून, मग इस्त्रीच्या टेबलावर. पत्नी काज-बटणाचं काम करत खाली बसलेली असायची. ती म्हणाली, “अहो, वरच जायचंय तर जिन्याने जा. तो तरी पोचवतो.” ब्लाउज न्यायला आलेल्या एका बाईने तर दुकानात कुणाचं मांजर अडकलंय का म्हणून कपाटाखाली वाकून पाहिलं. सा काही लागला नाही. घसा मात्र बसला.

तेवढ्यात वृंदाच्या कपड्यांचं काम मास्तरांकडेच आलं. सगळ्यांना पांढरे सदरे. मास्तरांनी ठरवलं, गळ्याने नाही तर हाताने बाईंना जिंकायचं. असे सदरे शिवायचे की बाईंनी स्वतः म्हणावं, या माणसाला बाहेर कसा ठेवू? मापं घेतली, कापड बेतलं, आणि एक गोष्ट विचारायची राहिली म्हणून त्यांनी बाईंना फोन लावला. सदऱ्याला पुढे बटणांची पट्टी असते, ती कशी ठेवायची एवढंच विचारायचं होतं.

“बाई, पट्टी कुठली ठेवू?”

बाई पेटीसमोर बसल्या होत्या. त्यांना वाटलं, मास्तर रियाझाचं विचारतायत. सूर पेटीच्या कुठल्या कळीवर धरायचा, त्यालाही पट्टीच म्हणतात; चौथी काळी कळ असेल तर काळी चार. निदान प्रश्न तरी गाण्याचा विचारला म्हणून त्यांना बरं वाटलं.

“बायकांची काळी चार, पुरुषांची काळी एक,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांना एकच ठेवू नका हं. पुरुषांचा गळा फाटतो.”

मास्तरांनी हे शब्द जपून ठेवले. पत्नीला म्हणाले, बायकांच्या सदऱ्यावर काळ्या चार पट्ट्या, पुरुषांच्या सदऱ्यावर एक, आणि पुरुषांच्या गळ्याला दुहेरी कॅनव्हासचं कडक अस्तर. पत्नी म्हणाली, हे काहीतरी विचित्र वाटतंय, पुन्हा विचारा. मास्तर म्हणाले, कलेच्या माणसांचं आपल्याला काय कळतं. विषय संपला.

कपडे अर्थातच कार्यक्रमाच्या दिवशी पोचले. पडद्यामागे घाई उडाली होती. कपडे चढवून मंडळी समोर आली तेव्हा बायकांच्या छातीवर चार चार काळ्या पट्ट्या आणि पुरुषांच्या छातीवर एक एक. बायका फौजदार आणि पुरुष नुकते भरती झालेले. गळे इतके ताठ की पुरुष मंडळी आकाशातलं विमान बघतायत असं वाटावं. शिवाय गाताना गळा फाटू नये म्हणून मास्तरांनी मागच्या रांगेतल्या कॅशियरचा गळा तर अंगावरच टाके घालून पक्का केला होता. बँकेतला हा कॅशियर वृंदाचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज. त्याला जास्त जोर लावावा लागत असणार, असा मास्तरांचा हिशेब.

“हे काय आहे?” बाईंनी विचारलं.

“तुम्हीच सांगितलंत. बायकांची काळी चार.”

बाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्या खुर्चीवर बसल्या. “मास्तर, मी गाण्याच्या गळ्याचं सांगत होते. पेटीच्या पट्टीचं.”

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. वृंदात शिरायची जी फट उरली होती ती त्यांनी स्वतःच्या हाताने, दुहेरी टाक्याने, शिवून टाकली होती.

पण रडत बसायला वेळ नव्हता. कॅशियर हातवारे करत होता. त्याची हनुवटी खाली येत नव्हती. आणि बाईंनी बांधलेलं गाणं असं की डोंगरमाथ्यावरून निघालेलं पाणी वाहत वाहत शेवटी समुद्राच्या तळाशी जातं. सुरुवात तार सप्तकात, आणि शेवटचा ‘तळाशी’ हा शब्द मंद्रात, अगदी तळाला. तो एकट्या कॅशियरचा. बाहेर टाळ्या पडू लागल्या. बाई म्हणाल्या, मास्तर, याच्या मागे लपून बसा आणि तळ यायच्या आत याचा गळा सोडवा.

पडदा वर गेला. मास्तर मागच्या बाकाआड गुडघ्यावर बसून, हात वर करून, कॅशियरच्या मानेवरचे टाके कात्रीने कापत होते. पाणी डोंगरावरून निघालं. मास्तरांनी एक टाका कापला. पाणी जंगलात आलं. दुसरा टाका. आयुष्यात प्रथमच मास्तरांना आपल्या पक्क्या शिलाईचा राग आला. पाणी समुद्राला मिळालं तेव्हा कात्रीचं टोक कॅशियरच्या कंठमण्याच्या बाजूला होतं आणि शेवटचा टाका हटून बसला होता.

‘तळाशी’ आलं. कॅशियरने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कात्री गळ्याला लागलेली असताना कुठला शहाणा माणूस घसा हलवील? सगळा वृंद थांबला. बाईंची बोटं पेटीवर गोठली.

आणि बाकाआडून तो शब्द आला. मास्तरांनी काही ठरवलं नव्हतं. काम करताना सवयीने गुणगुणतात तसे ते गायले, स्टुलावर न चढता, उलट गुडघ्यावर बसून. आवाज खाली गेला, आणखी खाली गेला, आणि तिथे जाऊन पाय पसरून बसला. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या थरथरल्या असं म्हणतात. खुर्च्या जुन्या होत्या हेही खरं. कॅशियर तोंड उघडं ठेवून उभा असल्यामुळे लोकांना तोच गातोय असं वाटलं आणि टाळ्या त्यालाच मिळाल्या. त्याने त्या घेतल्या, कारण मान हलवून नाही म्हणायची सोय नव्हती.

पहिल्या रांगेतली एक बाई मात्र फसली नाही, मास्तरांची पत्नी. पडदा पडल्यावर ती मागे आली आणि मास्तरांना म्हणाली, “खाली एवढी जागा आहे, तर घरात कात्री सापडली नाही की इतक्या वर का ओरडता?”

गायनबाईंनी पेटी मिटली. मग कबूल केल्यासारखं म्हणाल्या, पल्ला दोन्ही बाजूंनी मोजायचा असतो, मी एकीकडूनच मोजला. कॅशियरही बोलला. तळाचा शब्द मास्तरांनाच द्या म्हणाला, माझ्या गळ्याला आता विश्रांती हवी.

तेव्हापासून मास्तर वृंदात आहेत. पांढरा सदरा, एक काळी पट्टी. प्रत्येक गाण्यात त्यांना एखाद-दुसराच शब्द येतो, खालच्या मजल्यावरचा. बाकीचं गाणं होईपर्यंत ते हात बांधून, मान ताठ ठेवून उभे असतात. बाई नव्या विद्यार्थ्यांना सांगतात, यांच्याकडे बघा, गप्प राहताना हा माणूस एकदाही बेसूर होत नाही.