पुढे आलेला दात

धनाजीराव मोहित्यांचं स्थळ आलं तेव्हा मथुराबाईंची आई म्हणाली होती, "मुलगा चांगला आहे, पण वरचा दात पुढे आहे. फोटोत दिसेल." फोटोत तो दिसलाच. पुढे पंचवीस-तीस वर्षं त्याच दातावर घर चाललं.

धनाजीरावांचे वडील संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, गुजरात वेगळं झालं, आणि मुलगा पाणीगेटच्या लग्नाच्या बँडमध्ये शिरला. वाजवायचा ती सगळी जाड आवाजाची पितळी वाद्यं. वरातीत लोक बघत क्लॅरिनेटवाल्याकडे, पण मागून धनाजीरावांचा बास, तो सगळ्यांत मोठा भोंगा, लागला की घोडासुद्धा तालात पाऊल टाकी. ट्रॉम्बोनवाला आजारी पडला की ते ट्रॉम्बोन घेत. नवरात्रात गरब्याच्या पार्टीत आणि नाताळात चर्चमध्ये बासचा धाकटा भाऊ, युफोनियम, वाजवत. वाद्यं मालकाची, स्वतःचे फक्त तोंडाला लावायचे माउथपीस, मथुराबाईंनी शिवलेल्या खणाच्या पिशवीत. बास घरी न्यायची मुभा मात्र त्यांना एकट्यालाच होती. सकाळी तरसालीच्या घरात ते खालचा सूर धरत तेव्हा मांडणीवरची झाकणं थरथरत. नव्या शेजारणीने विचारलं होतं, "बेन, धरणीकंप?"

"नाही, आमचे हे," मथुराबाई म्हणाल्या होत्या, आणि त्या दिवशी चारचौघींत मान जरा ताठच ठेवली होती.

मग एका उन्हाळ्यात दात हलायला लागले. सुभानपुऱ्याच्या डॉक्टर निरुपमाबाईंनी ते काढले आणि सुरेख कवळी करून दिली. सगळे दात एका रांगेत, मोत्यासारखे. धनाजीराव सुपारी सोडून सगळं खाऊ लागले. बासमधून मात्र नुसती हवा यायला लागली. त्यांनी पिशवी ट्रंकेत टाकली.

गणपती महिन्यावर आले तसे विश्रामभाई, म्हणजे बँडचे मालक, स्कूटरवरून आले. "काका, बास बीजाला आपवो पडशे, दुसऱ्याला द्यावा लागेल. तुम्ही झांज धरा ना. युनिफॉर्म तोच."

धनाजीराव "सारू, बरं" म्हणाले आणि भिंतीकडे बघत राहिले. झांज धरायला विश्रामभाई कालच्या पोरांनाही उभं करत.

"बास आठ दिवस राहू द्या," मथुराबाई आतून म्हणाल्या. "झांजेसाठी दुसरा माणूस बघा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून पिशवी काढली, नवऱ्याला उठवलं, बास रिक्षात घातला. दवाखान्यात त्यांनी टेबलावर माउथपीस ठेवला, शेजारी लग्नाचा फोटो.

"हे दात सरळ आहेत," त्या म्हणाल्या. "वाकडे करून द्या."

डॉक्टरबाई हसल्या. "मावशी, लोक माझ्याकडे वाकडे सरळ करायला येतात."

"येऊ देत. हा माउथपीस टेकायचा त्या पुढच्या दातावर. तो तुम्ही आत घेतलात."

"बोलला नाहीत कधी," डॉक्टरबाई धनाजीरावांना म्हणाल्या.

"इतके छान केलेत," धनाजीराव पुटपुटले. "वाईट वाटलं असतं तुम्हाला."

मथुराबाईंनी कपाळाला हात लावला. "लग्नात माझी आई नावं ठेवत होती तेव्हाही हे असेच गप्प बसले होते."

डॉक्टरबाईंनी फोटो खिडकीशी नेऊन पाहिला, माउथपीस धनाजीरावांच्या ओठांवर धरून पाहिला, आणि नवं माप घेतलं. चार दिवसांनी बास पुन्हा रिक्षात बसून आला. पहिल्या फुंकरीला हवाच आली. डॉक्टरबाईंनी कवळी काढून घासली, परत बसवली. दुसऱ्या फुंकरीला एक फाटका आवाज निघाला. बाहेर बसलेले पेशंट दारात जमले. पुन्हा घासणं झालं. धनाजीरावांनी घाम पुसला, बास मांडीवर नीट घेतला आणि डोळे मिटले.

मथुराबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. डॉक्टरबाईंच्या हत्यारांचा स्टीलचा ट्रे होता, त्याकडे बघत होत्या. आधी एक चिमटा हलला, मग आरसा, मग सगळा ट्रे घरच्या मांडणीवरच्या झाकणांसारखा थरथरू लागला.

"बसला दात," त्या म्हणाल्या, आणि रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली. "विश्रामभाईंना सांगायला हवं, झांजवाला शोधा."