ओढ्याकडचे दार

वेल्ह्याच्या ठाण्यात असतानाची ती घटना आजही माझ्या मनातून जात नाही, कारण तिचा निष्कर्ष मी चुकीचा काढला.

मार्गासनीजवळच्या एका शेतकऱ्याचा चोरीस गेलेला बैल शिवऱ्यात एकाच्या दावणीला आहे, अशी खबऱ्याने बातमी दिली. शिवऱ्याचा माणूस म्हणे, बैल माझ्या घरचाच. शेतकऱ्याच्या गोठ्याची ख्याती वाईट होती. त्याच्या वडिलांच्या काळात तिथे हातभट्टी आणि जुगार चाले. वडील गेल्यावर मुलाने ते बंद करून गोठा नुकताच दुरुस्त केला होता.

अशा वेळी बैल तिन्हीसांजेला मोकळा सोडायची रीत आहे. तो आपल्या गोठ्यात जातो. शेतकऱ्याच्या गावात पंचांसमोर बैल सोडला. तो शेतकऱ्याच्या गोठ्याच्या दारावरून पुढे गेला, वळसा घालून मागच्या भिंतीला नाक लावून उभा राहिला.

"साहेब, दार पयलं हितंच व्हतं, ओढ्याकडं," शेतकरी म्हणाला. "बैल चोरीला गेल्यावर म्या फिरवलं."

मी पंचांना विचारले. एकेकाने नकारार्थी मान हलवली. त्या गोठ्याकडे म्हणे ते कधी फिरकलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी ठाण्यात मी शेतकऱ्याला उलटसुलट विचारले. जबाब बदलला नाही. मागच्या भिंतीच्या नव्या गिलाव्यावर काठी ठोकून पाहिली असती तरी कळले असते. पण बैलाने गोठा ओळखला नाही, असा पंचनामा झाला. बैल शिवऱ्याला गेला आणि शेतकरी गावात लबाड ठरला.

गेल्या उन्हाळ्यात त्याच गोठ्याचे काम पुन्हा निघाले. शेतकऱ्याच्या सुनेला तिथे शेळ्या पाळायच्या होत्या. त्या बाजूला गेलो असता मी थांबलो. गवंड्याने मागचा गिलावा काढला होता आणि दगडांनी बुजवलेली लाकडी चौकट उघडी पडली होती. तेव्हाच्या पंचांपैकी एक, आता म्हातारा झालेला, तिथे बसला होता. चौकट बघून तो हसला.

"ह्याच दारानं यायचो आमी पत्ते खेळाया."

तेव्हा का बोलला नाहीत, मी विचारले.

"तवा माजा बाप जिता व्हता, साहेब. तंगडं मोडलं आसतं त्यानं."

शेतकरी हसला नाही. "तुझ्या बापाच्या भ्यापायी माझा बैल गेला," एवढेच म्हणाला. मी त्याची माफी मागितली. त्याने सुनेकडे हात केला. "तिला सांगा. लबाडाच्या घरात दिली म्हणून लोक बोलत्यात तिला."

तुमचे सासरे खरे बोलत होते, चूक माझी होती, असे मी तिला सांगितले.

"आमाला ठावं हाय," ती म्हणाली. "गावाला सांगा."

म्हणून हे लिहीत आहे. सगळे साक्षीदार एका सुरात 'माहीत नाही' म्हणतात, तेव्हा 'माहीत आहे' म्हटल्याने त्यांचे काय जाणार आहे, ते आधी पाहावे. मी चांगल्या घरची माणसे बघून पंच नेमले होते. त्या दिवशी गावातला एखादा उघड दारुडा पुरे झाला असता.