गदा खाली ठेवणार नाही

श्री. तात्यासाहेब ओझरकर यांचा आणि माझा परिचय झाला तो गदेच्या घुमघुमाटात. वकिलीची सनद घेऊन मी नुकताच नाशकात आलो होतो आणि जिल्हा कोर्टातले हे ख्यातनाम वकील आपल्याला हाताखाली घेतात का, हे विचारायला सकाळीच त्यांच्या घरी गेलो. तात्यासाहेब परसात लंगोट कसून गदा फिरवीत होते. मी परत फिरणार, तोच ते म्हणाले, "कागद आणलेत ना? मग वाचा. कान मोकळे आहेत माझे." मी भीत भीत कैफियत वाचू लागलो. तिसऱ्या परिच्छेदात मी एक तारीख चुकलो, ती त्यांनी गदा न थांबवता दुरुस्त केली. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो तो आजतागायत.

त्यांच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लेख द्यावा, असे सत्कार समितीने मला सांगितले तेव्हा आनंद झाला. पण पुढचे ऐकून डोके फिरले. सत्काराच्या दिवशी तात्यासाहेबांनी आपली गदा तालमीतल्या मारुतीपुढे समारंभाने कायमची ठेवावी, गोल्फ क्लबाच्या संघातली जागा तरुणांना मोकळी करावी आणि क्लबाचे सन्माननीय सभासद म्हणून खुर्चीवर बसावे, असे म्हणे ठरले आहे. लेखकांनीही त्यांना विश्रांतीची गळ घालावी, अशी सूचना आहे. मी ती घालणार नाही. समितीला लेख नको असेल तर तिने तो खुशाल परत करावा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी मी नाशकात येण्याच्या थोडे आधीची गोष्ट सांगतो. पन्नाशी उलटल्यावर तात्यासाहेबांची कंबर धरली. गोल्फची काठी फिरवली की दुसऱ्या दिवशी कोर्टात उभे राहवत नसे. डॉक्टरांनी खेळ सोडून पाठ टेकायला सांगितले. तात्यासाहेबांनी फी दिली, नमस्कार केला आणि तिथून जे निघाले ते थेट तालमीत गेले. तरुणपणी सोडलेली गदा, मुद्गल आणि खांद्यावर वजन घेऊन काढायच्या बैठका त्यांनी पुन्हा सुरू केल्या. त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या काकूंनी, फक्त एवढेच बजावले, "करायचं ते करा, पण मोडलात तर तेल चोळायला मला हाक मारू नका." ती हाक मारायची वेळ आली नाही.

खेळ मात्र आधी बिघडला, हे लपवण्यात अर्थ नाही. चेंडू पूर्वीपेक्षा लांब जाई, पण जाई तो निवडुंगात. क्लबाचे तेव्हाचे कॅप्टन एक निवृत्त गोरे साहेब होते. वजने उचलली की स्नायू लाकडासारखे होतात आणि गोल्फ खेळणारा माणूस हमाल होऊन बसतो, असे त्यांचे ठाम मत होते. आता त्यांना पुरावाच मिळाला. देवळालीच्या छावणीतल्या साहेबांशी दरवर्षीचा सामना जवळ आला होता. कॅप्टनसाहेबांनी सांगून टाकले, "मिस्टर ओझरकर, एक तर वजने सोडा, नाहीतर संघ सोडा."

तात्यासाहेबांनी दोहोंपैकी काहीच सोडले नाही. चूक शोधली. ती अशी की, ते पहाटे वजने उचलून थकलेल्या हातांनी तसेच मैदानावर जात, आणि तालमीतल्या सवयीने काठीचा गळा आवळीत. त्यांनी खेळाच्या दिवशी गदेला सुट्टी दिली आणि काठी सैल धरायला हात शिकवला. मला म्हणाले, "मनगट दुबळं असलं की माणूस भीतीनं आवळतो. ज्याच्या हातात ताकद आहे त्याला घट्ट धरायची गरज काय?" महिन्याभरात चेंडू निवडुंग विसरला. कंबर तर दुखायची थांबलीच.

तालमीतही त्यांना लढावे लागले. खंडेनवमीला आमच्या तालमीत सगळी हत्यारे मारुतीपुढे मांडून पुजतात. त्या वर्षी तात्यासाहेबांनी गदेशेजारी आपल्या गोल्फच्या काठ्याही मांडल्या. सखाराम वस्ताद खवळले. "वकीलसाहेब, ह्या मुठीला चामडं हाय. मारुतीरायापुढं नाय चालायचं. अन् हा सायबाचा खेळ, त्यात ताकदीचं काय काम?"

"वस्ताद, तुमच्या हलगीला काय मलमल लावलीय?" तात्यासाहेब म्हणाले. मग त्यांनी एक काठी आणि एक चेंडू उचलला आणि वस्तादांना बाहेर नेले. वस्तादांनी सगळा जोर लावून काठी हाणली. धुरळा खूप उडाला, चेंडू जागेवर होता. आम्ही सगळे हसलो. तात्यासाहेब हसले नाहीत. त्यांनी वस्तादांना काठी कशी धरायची ते दाखवले, आणि पुढचा टोला पार ओढ्यापलीकडे गेला. आत येऊन काठ्यांना हळदकुंकू वस्तादांनीच वाहिले. नुसती ताकद पुरत नाही हे वस्तादांना पटवायचे आणि ताकद आड येत नाही हे साहेबांना, असा हा दुहेरी दावा होता.

साहेबांकडचा निकाल मैदानावरच लागला. कॅप्टनसाहेबांनी त्यांना एकास एक खेळायला बोलावले. हरलात तर वजने बंद, असे ते म्हणाले. तात्यासाहेबांनी खेळायचे कबूल केले, अट नाही. चेंडू ज्यात घालायचा त्या शेवटच्या खळग्यापर्यंत बरोबरी होती. साहेबांना तोवर धाप लागली होती आणि तात्यासाहेब नुकतेच घरून आल्यासारखे दिसत होते. तरी हरले ते तात्यासाहेबच. खळग्यापासून दोन हातांवरचा चेंडू त्यांनी बाहेर घालवला. साहेब म्हणाले, "मग आता वजने बंद ना?" तात्यासाहेब उत्तरले, "दोन हात चेंडू ढकलायला वजनं लागत नाहीत. मी हरलो तो माझ्या उतावीळपणामुळे. उतावीळपणा बंद करतो." साहेब दिलदार माणूस. त्यांनी मोठ्याने हसून संघात नाव घातले, ते आजवर निघालेले नाही.

त्यांच्या मायेबद्दल एकच सांगतो. विषमज्वरातून मी उठलो तेव्हा पाण्याचा तांब्या उचलवत नव्हता. तात्यासाहेब रोज संध्याकाळी कोर्टातून परस्पर माझ्याकडे येत. माझ्या हातात लहानसे वजन देऊन समोर बसत आणि मी दमलो की कोर्टातली गंमत सांगत. पुन्हा उभा राहीन असे मला वाटत नव्हते. त्यांना वाटत होते.

म्हणून समितीचे लोक विश्रांतीचा विषय घेऊन त्यांच्याकडे गेले तेव्हा मीही मुद्दाम जाऊन बसलो. तात्यासाहेबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "सत्कार करा, मला आवडेल. पण संघातून काढायचं असेल तर मैदानावर हरवून काढा. शालीत गुंडाळून नको."

परमेश्वर तात्यासाहेबांना उदंड आयुष्य देवो, त्यांची कंबर ताठ आणि मनगट सैल ठेवो. आणि त्यांची जागा ज्या तरुणांना हवी आहे, त्यांना ती जिंकून घेण्याचे बळ देवो. ते बळ अजून नसेल तर पहाटे पाचला तालमीत यावे. तात्यासाहेब स्वतः शिकवतात.