पद्माआत्यानं ठरवलेलं हॉटेल

घरात कुणाला वेळ नसला की ते काम पद्मजाकडं यायचं, आणि त्या घरात वेळ कधीच कुणाला नसायचा. हिंगोलीतल्या एका शाळेत कारकुनी करून ती निवृत्त झाली तेव्हा तिच्यापेक्षा वहिनींनाच जास्त आनंद झाला. लग्न तिचं झालं नाही. आई अंथरुणाला खिळलेली होती. ती जरा बरी झाली की बघू म्हणत स्थळं लांबणीवर पडली, आणि आई गेली तोवर काही बघायचं होतं हेच सगळे विसरून गेले. थोरला भाऊ विश्वंभर स्वभावानं वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

दिवाळीच्या महिनाभर आधी पुण्याहून अद्वैतचा, म्हणजे विश्वंभरच्या मुलाचा फोन आला. स्पीकरवर टाकून सगळ्यांनी ऐकला.

"भाऊबीज झाली की आपण सगळे हैदराबादला जाऊ. जाईला चारमिनार दाखवू. आत्या, हॉटेल तेवढं तू बघ. स्वस्त पाहिजे, पण बाबांना तकलीफ नको. तुला वेळ असतो."

'आपण सगळे' हे दोन शब्द पद्मजानं ऐकले आणि मनात घट्ट धरून ठेवले. चूक झाली ती तिथंच.

उभ्या जन्मात ती हॉटेलात राहिली नव्हती. परगावी जायचं म्हणजे कुणातरी नातेवाइकाकडं, नाहीतर देवस्थानच्या धर्मशाळेत. पण एकदा काम अंगावर घेतलं की ती त्याच्या मागं हात धुऊन लागायची. अद्वैतनं मोबाइलवर फोटो पाठवले होते. त्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. फोटोत सगळ्याच गाद्या पांढऱ्या आणि सगळेच नळ चकचकीत. त्यापेक्षा लोकांनी केलेल्या तक्रारी ती चवीनं वाचायची. एका हॉटेलात ढेकूण, दुसऱ्यात खाली लग्नाचा हॉल, तिसरं झकास पण जिना चढायचा. विश्वंभरचे गुडघे जिन्याचं नुसतं नाव काढलं तरी दुखायचे. असं चाळता चाळता काचीगुडा स्टेशनजवळचं एक हॉटेल तिच्या मनात भरलं आणि तिनं सरळ फोन लावला.

पलीकडं रतनसिंग नावाचा मॅनेजर होता. पहिल्या फोनला तिनं लिफ्ट आहे का, कमोड आहे का, गरम पाणी सकाळी किती वाजेपर्यंत येतं, हे विचारलं. दुसऱ्याला अद्वैतच्या छोट्या लेकीसाठी, जाईसाठी दूध मिळेल का, आणि वरणात लसूण घालतात का. तिसऱ्या फोनला तिनं नुसतं "हॅलो" म्हटलं आणि तो म्हणाला, "बोलो अम्मा, आज क्या पूछना है?" पद्मजा हसली. आपला आवाज ओळखून कुणी बोलावं, याची तिला सवय राहिली नव्हती.

खोल्या दोन ठरल्या. एक दादा-वहिनींना, दुसरी अद्वैत, त्याची बायको प्रतीक्षा आणि जाईला. आता स्वतःचं कसं करायचं? नवराबायकोच्या खोलीत कसं झोपायचं, म्हणून ती जरा अवघडली. शेवटी ठरवलं की दादांच्या खोलीत खाली एक गादी टाकून घ्यायची. तिचे जादा पैसे पडतात असं रतनसिंग म्हणाला. पद्मजानं घासाघीस केली, तेव्हा तो म्हणाला, "जाने दो अम्मा, आपके वास्ते फ्री."

दिवाळी आली. घर भरलं. चकल्या तळताना, रांगोळी काढताना तिच्या डोक्यात हैदराबादच चाललं होतं. शाळेच्या निरोप समारंभात मिळालेली मोरपंखी साडी तिनं इस्त्री करून ठेवली.

निघायच्या आदल्या दिवशी ती देवघरासमोर परातीत तांदूळ घेऊन बसली. या घरात देव पारोसे ठेवत नाहीत. रोज त्यांना स्नान आणि गंधफूल व्हायलाच पाहिजे. सगळं घरच बाहेरगावी निघालं तर देव तांदळात ठेवायचे, म्हणजे परतेपर्यंत पूजा नाही घडली तरी चालतं. तांदूळ निवडलेले, नवे.

वहिनी आतून आल्या. "वन्सं, तांदूळ काहून काढलेत?"

"उद्या सकाळी देव ठेवते की यात."

"अगंबाई!" वहिनी हसल्या. "तुम्ही घरी असताना देव तांदळात कशाला ठेवायचे?"

त्यांच्या बोलण्यात कसलीही खोच नव्हती, आणि तेच पद्मजाला जास्त लागलं. अद्वैत सोफ्यावर बसला होता. त्यानं मोबाइलमधून मान वर केली, एकदा आईकडं बघितलं, एकदा आत्याकडं.

"आत्या, तिकिटं मी पाचच काढली गं," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला प्रवास सोसत नाही."

"व्हय की," पद्मजा झटकन म्हणाली. "मी कुठं येऊन राहिले? तांदूळ आपले निवडायला घेतले होते."

विश्वंभर पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं नाही. तिनं परात उचलून आत नेली आणि संध्याकाळी त्याच तांदळाचा भात लावला. सगळे पोटभर जेवले.

गादीचं रतनसिंगला कळवायला हवं होतं. दोनदा तिनं मोबाइल हातात घेतला आणि ठेवून दिला. नको म्हणून सांगणं तिला जमेना.

दुसऱ्या दिवशी सामान मावेना म्हणून स्टेशनपर्यंत सोडायलाही रिक्षात जागा उरली नाही. विश्वंभर मात्र दारात रेंगाळला. "पद्मा, दूध उद्यापासून कमी घे," एवढं बोलून तो पायरी उतरला. घर एकदम रिकामं झालं. शेजारच्या जीवनबाईंनी "तुमी न्हाई गेल्या?" विचारलं, त्यांना तिनं हसून सांगितलं, "मला गर्दी सोसत नाही."

नंतर कुणाचा फोन आला नाही. पोचल्याचा एक फोटो आला. चौघं हसत उभी आणि जाईनं जीभ बाहेर काढलेली. पद्मजानं अंगठा पाठवला. पुढच्या दिवशी देवांची पूजा उरकून ती स्वयंपाकघरात नुसतीच बसून राहिली. एकटीसाठी कुकर लावावासा वाटेना.

दुपारी फोन वाजला. रतनसिंग होता.

"अम्मा, आपके लोगां अच्छे से हैं. भाईसाब को लिफ्ट के बाजू का कमरा दिया मैं. मगर आप किधर हैं? मैं आपके वास्ते गादी डाल के रखा था. साब बोले, उठा लो, और कोई नै आनेवाला."

पद्मजानं तोंड उघडलं. तब्येत, देव, गर्दी, सांगायला कारणं पुष्कळ होती. आजवर तिनं ती स्वतःच सगळ्यांना पुरवली होती. पण हा माणूस कोण, कुठला. त्याचं तोंडही तिनं पाहिलं नव्हतं. त्याच्यापाशी लाज राखून करायचं काय?

"मुझे किसीने चलो बोला नहीं," ती म्हणाली.

हे वाक्य तिनं आजवर स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं. पलीकडं हॉटेलातला गलका चालूच होता.

"अम्मा," तो हळूच म्हणाला, "खाना खाए आप?"

"नहीं," पद्मजा म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.